अडीच इंच

बायकोला जाऊन सहा आठवडे झाले होते, पण तिचं नेमकं काय काय गेलं होतं ते मास्तरला कळलं त्या मंगळवारी, भर दुपारी, दुकानात. तो तिचा राखाडी कोट उसवत बसला होता. कोट मुलीला द्यायचा होता. मुलगी आईपेक्षा उंच, खांदे मात्र आईचेच, म्हणजे खालची दुमड सोडली की झालं. तासाभराचं काम. एकवीस वर्षांपूर्वी त्यानंच तो बेतला होता, त्यानंच शिवला होता, आणि मध्ये चार वेळा त्यानंच खालून आत घेतला होता. कापला एकदाही नव्हता. कापलेलं कापड परत येत नाही, दुमडलेलं येतं, हे त्याला वस्तादानं पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि पन्नास वर्षांत त्यानं कुणाचीही उंची कात्रीनं कमी केली नव्हती. त्यानं पहिली दुमड उसवली. मग दुसरी. प्रत्येक दुमडीत लोकर आणखी गडद, आणखी नवी दिसत होती, आणि जिथं पूर्वी कड होती तिथं एक फिकट रेघ राहिली होती. चार दुमडी, चार रेघा. पहिली अर्धा इंच, दुसरी पाऊण, तिसरी अर्धा, चौथी पुन्हा पाऊण. कोट मांडीवरून खाली घसरत गेला आणि त्याची कड फरशीला लागली. त्यानं तो टेबलावर पसरला आणि मूळ माप ताडून बघायला मागच्या खिळ्यावरचे, कापड बेतायचे कागदी खाके काढले. शेदीडशे होते. त्यातल्या एकावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसतं ‘घरचं’ असं लिहिलेलं होतं. तो खाका त्यानं कोटाच्या पाठीवर ठेवला, मानेशी मान जुळवली आणि तळहातानं कागद खालपर्यंत सपाट करत नेला. कागदाची कड आणि कापडाची कड एकावर एक आली. एक सूतसुद्धा इकडेतिकडे नव्हतं.

मग लोखंडी पट्टी घेतली. कागदावर त्याच्याच अक्षरात साडेचव्वेचाळीस लिहिलं होतं. कोट साडेचव्वेचाळीस भरला.

“काय हो मास्तर,” कोपऱ्यातून इस्त्रीवाला म्हणाला. तो एका कानानं बहिरा होता आणि त्यामुळं सगळ्या जगाशी ओरडून बोलायचा. “कोट उसवताय का त्याच्याशी बोलताय?”

“कोट वाढलेला नाही.”

“आँ?”

“कोट वाढलेलाच नाही, म्हणतो!”

“मग कशाला वाढेल? त्याला काय आपण दूध पाजतोय?” इस्त्रीवाल्यानं इस्त्री फिरवली. वाफेचा ढग त्याच्या तोंडासमोर आला आणि त्यामागून तो म्हणाला, “सुटत असेल. लोकर आहे. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना.”

तो सांगायचा, हे खरं होतं. जड लोकर टांगून ठेवली की स्वतःच्या वजनानं ओघळते, ओली असली तर जास्तच. कुठल्याही शिंप्याला विचारा. सात-आठ वर्षं जुना कोट पाव इंच, अर्धा इंच खाली येतोच. म्हणून चौदा वर्षांपूर्वी ती जेव्हा कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, कोट लांब झालाय,” तेव्हा त्याला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. “कोट कसा लांब होईल? तो काय पोरगं आहे वाढायला?” ती म्हणाली होती, “बघा ना. पूर्वी पोटरीच्या मध्यावर यायचा. आता खाली येतोय.” त्यानं गुडघ्यावर बसून पाहिलं. येत होता. “ओला कोट खुंटीवर टांगतेस तू. किती वेळा सांगितलं? शिंप्याची बायको आणि एवढं कळत नाही?” तिनं मान हलवली. ती भांडणारी बाई नव्हती. किंवा असेल, डोक्याच्या गोळ्या सुरू होण्याआधी होती, नंतर तिचं भांडण कुठंतरी खोल जाऊन झोपलं. त्या दिवसापासून ती भिजून आली की कोट पलंगावर पसरून ठेवायची, लहान मूल निजवावं तसा, दोन्ही बाह्या बाजूला नीट लावून. जागा नसायची म्हणून त्याच्या बाजूला. चादर दमट व्हायची, तो कुरकुरायचा. आणि चार वर्षांनी कोट पुन्हा लांब झाला. तेव्हा तो म्हणाला की अस्तर आखडलंय, त्यामुळं वरचं कापड लोंबतंय. तिसऱ्या वेळी काय म्हणाला ते आठवेना. चौथ्या वेळी काहीच म्हणाला नसावा. खडूनं रेघ मारली, टाचण्या लावल्या, संध्याकाळपर्यंत देऊन टाकला. आणि पाठ? पाठ तर त्यानं स्वतःच्या हातांनी झाकली होती. मागची बाजू वर ओढली जाते, पुढची लोंबते, हे त्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं. त्यानं मधली शिवण उघडून पाठीला जरा सैलावा दिला, खांद्यात पातळ गादी घातली, की पोक दिसेनासं झालं. वय झालं की येतंच. ती आरशात बघून हसली होती. “तुमच्या हातात जादू आहे हो,” म्हणाली. कुणाचा खांदा उतरलेला असतो, कुणाची कंबर एकीकडे गेलेली असते. अंगातली उणीव कापडात झाकायची, ह्यासाठीच लोक शिंप्याकडे येतात. त्याच्यासारखी उणीव झाकणारा गावात दुसरा नव्हता.

घरी दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा होत्या, पेन्सिलीनं मारलेल्या, दरवर्षी एक, वर वर जाणाऱ्या. आता टेबलावर पडलेल्या कोटावरही चार रेघा होत्या आणि त्याही वर वर गेल्या होत्या. मुलगी वाढत होती म्हणून त्या, बायको उतरत होती म्हणून ह्या. अडीच इंच. त्यानं दोन बोटं कोटावर ठेवली आणि वरून आणखी अर्धं बोट. एवढी ती गेली होती, जिवंत असताना, त्याच्यासमोर, रोज ताटावर बसून, आणि त्यानं ते चार वेळा स्वतःच्या हातानं आत दुमडून टाकलं होतं.

त्याला हॉस्पिटलातला तो हाडांचा डॉक्टर आठवला. पोरसवदा होता, डोळे लाल, सारखे चोळत होता. त्या दिवशी सकाळी घरी बायको बेसिनपाशी तोंड धूत होती आणि टॉवेल घ्यायला वळली. घसरली नाही, अडखळली नाही. नुसती वळली. त्यानं दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकला, वाळलेली काडी मोडावी तसा, आणि मग ती पडल्याचा. आधी मोडल्याचा, मग पडल्याचा. हा क्रम त्याला नंतर लागला. खुब्याचं हाड. डॉक्टरनं फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, “काका, ह्या कुठल्या गोळ्या घेतात?” त्यानं पुडकं दाखवलं. “किती वर्षं?” “पंचवीस.” “पाळी कधी थांबली?” तो पुडकं पिशवीत परत ठेवू लागला. डॉक्टरनं वाट बघितली आणि पुढचं विचारलं. “हाडांची तपासणी कधी केली होती?” “हाडांची कशाला? आजार डोक्याचा होता.” डॉक्टर हसला नाही. म्हणाला, “डोकं पण हाडांवरच उभं असतं ना, काका.” मग त्यानं सावकाश सांगितलं, गिऱ्हाइकाला कापड समजावून सांगावं तसं: की ह्यातल्या काही गोळ्यांनी अंगातलं एक संप्रेरक वाढतं, त्यानं पाळी थांबते, आणि पाळी अशी वेळेच्या आधी थांबून वर्षानुवर्षं तशीच राहिली की हाडं आतून विरळ होत जातात. सगळ्यांची होतात असं नाही. त्यात चालणं-फिरणं कमी, ऊन नाही. बघत राहावं लागतं. बघितलं तर करता येतं काहीतरी. औषध बदलता येतं, हाडांना औषध देता येतं. “उंची कमी झाल्यासारखी वाटली का कधी?” त्यानं शेवटी विचारलं. “कपडे लांब होतात, वगैरे?”

आणि मास्तर ताठ होऊन म्हणाला होता, “नाही. मी शिंपी आहे. मला कळलं असतं.”

अकराव्या दिवशी ती छातीत पाणी होऊन गेली.

त्या दुपारी तो कोट मांडीवर घेऊन बसला तो तसाच पेंगला. इस्त्रीची वाफ, गरम लोकरीचा वास, बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर अर्धं ओढून सोडून दिलेलं. त्याला दिसलं की एका लांब, सरळ रस्त्यावरून ती पुढं चालली आहे आणि तिच्या अंगावर हाच कोट आहे. तो मागून चालतोय. दर चार पावलांना कोटाची कड जरा खाली येते. आधी पोटरीवर, मग घोट्यावर, मग टाचेवर. तो म्हणतो, अगं थांब, टाचणी लावतो, आणि ती थांबते, भिंतीला हात न लावता शहाण्यासारखी उभी राहते, तो गुडघ्यावर बसतो, तोंडात टाचण्या, त्यामुळं बोलता येत नाही. तो दुमडतो. ती चालू लागते. कोट पुन्हा खाली येतो. रस्ता संपत नाही आणि ती एकदाही मागं वळून बघत नाही, कारण तिला कुणीतरी सांगितलंय की वळायचं नाही, वळलीस की मोडेल. शेवटी कोटच चालतोय, आत कोण आहे ते दिसत नाही, फक्त बाह्या हलतायत, आणि कोटाच्या आतून तिचा आवाज येतो, अगदी नेहमीचा, भाजी आणली का विचारावं तसा: अहो, कापड चांगलं निघालं हो. जागा झाला तेव्हा तोंडात खरोखर टाचणी होती. इस्त्रीवाला समोर उभा होता. “गिळाल,” तो ओरडला आणि त्यानं हात पुढं केला. मास्तरनं टाचणी त्याच्या तळव्यावर ठेवली.

कोट तसाच ठेवून देता आला असता. गेलेल्या माणसाचं माप आता कुणाला लागतंय? पण मुलगीही गोळ्या घेत होती. सहा वर्षं झाली. त्याच, दोन छोट्या, पांढऱ्या. तिला सगळे रिळू म्हणायचे, कारण लहानपणी ती दुकानाच्या फरशीवर रिळासारखी गडगडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. आता ती चौतीस वर्षांची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, एकटी राहायची आणि दर रविवारी जेवायला यायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तिलाही भिंतीतून कुणीतरी बोलायला लागलं होतं. तिनं स्वतःच ओळखलं. फोन करून म्हणाली होती, “बाबा, आईचं आलंय,” जणू आईचं एखादं टपाल तिच्या पत्त्यावर आलं होतं.

म्हणजे रिळूला सांगायला हवं होतं. आणि तेच त्याला जमत नव्हतं. तिचं सगळं एका घावात असायचं. एकदा तिला कुणी म्हणालं की उशी मानेला वाईट, त्या दिवसापासून ती उशीशिवाय झोपते. गोळ्यांनी आईची हाडं खाल्ली असं तिच्या कानावर गेलं तर त्याच संध्याकाळी गोळ्या कचऱ्यात जातील. आणि गोळ्या गेल्या की काय येतं ते त्यानं बघितलं होतं. नुसतं बघितलं नव्हतं, ते आणलंही त्यानंच होतं. कोट शिवून दोन वर्षं झाली असतील. बायको हसू लागली होती, बाजारात जाऊ लागली होती, आणि एक गिऱ्हाईक गोळ्यांवरून काहीतरी बोलून गेलं, आणि तो घरी येऊन तिला म्हणाला, “आता बरी आहेस की. रोज कशाला ते विष घ्यायचं? सोडून तर बघ.” तिनं सोडल्या. नवरा म्हणाला म्हणून सोडल्या. तेराव्या दिवशी तो बाहेरून आला तर दुकानातला एकूण एक तयार कपडा फरशीवर सुटा होऊन पडला होता. बाह्या एकीकडे, पाठी एकीकडे, कॉलर एकीकडे. ती मधोमध बसून एका पँटची शिवण उसवत होती, बोटांतून रक्त येत होतं. “शिवणीत बोलतायत,” ती कुजबुजली. “तुम्ही आत शिवून टाकलंत त्यांना. गुदमरतायत.” आणि पंधरा वर्षांची रिळू तिच्याशेजारी बसून, काही न बोलता, बटणं गोळा करून एका डब्यात टाकत होती.

गोळ्यांनी तिला परत आणलं, दुसऱ्यांदा. पाचव्या आठवड्यात ती सकाळी उठून म्हणाली, “चहा ठेवू का?” आणि तो नळाखाली तोंड धरून रडला. पंचवीस वर्षं त्या गोळ्यांनी तिला ह्या घरात ठेवलं. तो त्यांना शिव्या देऊ शकत नव्हता. मनाचा डॉक्टर दर तीन महिन्यांनी तीनच प्रश्न विचारायचा: झोप, भूक, आवाज. ती शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं द्यायची. झोप येते. भूक लागते. आवाज नाहीत. चौथं काही विचारायचं असतं हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि असं तरी कसं म्हणावं? तिच्या डोक्यात आलं होतं. ती सदतीसची असेल. तो घरी मशीनवर बसला होता, ती पाठीशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “अहो, माझी पाळी बंदच झालीय. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले औषधानं होतं, काळजी नको.” त्याला लाज वाटली. दुसरं काहीही नाही, नुसती लाज. काय बोलावं ते कळेना म्हणून त्यानं पाय दाबला आणि मशीन चालू केलं. बाही आधीच शिवून झाली होती. तो त्याच शिवणीवरून पुन्हा टीप मारत गेला. टीप संपली तेव्हा ती तिथं नव्हती.

रविवारी रिळू आली. त्यानं मापाची वही आधीच काढून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या लग्नासाठी तिला पायघोळ झगा शिवला होता, त्याचं माप होतं त्यात: मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंत, साडेपंचावन्न. जेवण झालं. निघायच्या तयारीनं तिनं बूट चढवले, कोट अंगात घातला, कॉलरमध्ये नाक खुपसलं.

“आईचा वास येतोय.”

“इस्त्रीचा आहे तो.”

“आईला इस्त्रीचाच वास यायचा, बाबा.”

मग तिनं खाली पाहिलं, कड उसवलेली, दोरे लोंबतायत. “हे काय, दुमड घातलीच नाहीत? म्हातारे झालात.”

“माप घ्यायचंय. सरळ उभी राहा. बूट काढ.”

“कोटाला बूट कशाला काढायचे?”

“काढ गं. कोट पण काढ.”

ती कोट काढून चौकटीला टेकून उभी राहिली, जुन्या पेन्सिलीच्या रेघांपाशी. त्यानं खांदे घेतले, बाही घेतली, ज्यांची गरज नव्हती. मग तिच्या मानेचं ते वरचं हाड बोटानं चाचपलं. उबदार होतं, टणक. त्यावर टेप धरून तो खाली सोडत आला आणि गुडघ्यावर बसला. गुडघे वाजले. सव्वापंचावन्न. पुन्हा मोजलं. सव्वापंचावन्न.

“जमिनीपर्यंत?” रिळू वरून म्हणाली. “मी शिंप्याची पोर आहे, बाबा. कोटाचं माप जमिनीपर्यंत घेत नाहीत.”

तो उठला नाही.

“उंची मोजताय माझी.”

“हो.”

“का?”

पाव इंच. टेप जुनी होती, वर्षानुवर्षं गळ्यात लटकून सैल झालेली असणार, आणि सैल टेप माप कमीच दाखवते. हे कुठल्याही शिंप्याला विचारा. हात हलला असेल. सहा वर्षांपूर्वी सकाळी मोजलं असेल आणि माणूस सकाळी जरा उंचच भरतो. एका पाव इंचासाठी त्याच्याकडे दहा कारणं होती आणि सगळी खरी होती. तो फरशीवर बसून एकेक कारण हातात घेऊन बघत होता. त्याला वाटलं, असाच बसलो होतो मी. इथंच. चार वेळा.

“आईचा कोट आण इकडं,” तो म्हणाला.

त्यानं तिला सगळं सांगितलं. जसं आलं तसं, मागचं पुढं. रेघा दाखवल्या, त्यावर तिचं बोट ठेवलं. ‘घरचं’ लिहिलेला कागद उलगडून कोटावर पसरला. हॉस्पिटलातला डॉक्टर काय बोलला ते सांगितलं आणि त्याला आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. खुंटीचं तेवढं सांगितलं नाही. रिळू फरशीवर त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती आणि एकेका रेघेवरून बोट फिरवत होती.

“तुम्हाला कळलं नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुम्हाला?”

“मला.”

तिनं कागदाची घडी घातली. मग ज्याची भीती होती तेच आलं. “मग बंद करते मी. आजपासून.”

“बटणं कुणी गोळा केली होती?”

तिनं वर पाहिलं.

“त्या दिवशी. दुकानात. बटणं कुणी गोळा केली?”

“मी.”

“डब्यात अजून आहेत. फेकली नाहीत मी. गोळी बंद करायची नाही, रिळू. माझं ऐकून तर मुळीच नाही. मी एकदा सांगितलं होतं तुझ्या आईला. आपण काही ठरवायचं नाही. विचारायचं.”

“काय विचारू?”

“हाडांचं विचार. तिनं कधी विचारलं नाही, मी नाही, त्यांनी नाही. तू विचार. म्हणावं, माझ्या आईचं असं झालं.”

रिळू उठून खिडकीपाशी गेली. तो मशीनच्या खुर्चीवर जाऊन बसला, कारण त्या खोलीत तीच एक खुर्ची होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. सरळ होती पाठ. त्यानं वरपासून खालपर्यंत नजर नेली आणि परत वर आणली.

“बाबा,” ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, “मला पण चार महिने पाळी आली नाही. आधी पण मध्ये मध्ये चुकायची. मी म्हटलं, बरंच झालं, कटकट गेली.”

त्याचा पाय मशीनच्या पायट्यावर होता. त्यानं तो उचलला आणि बाजूला फरशीवर ठेवला. दुसराही ठेवला.

“चार महिने?” तो म्हणाला. “बरोबर चार? का जास्त?”

“साडेचार.”

“हे पण सांग त्यांना. लिहून ने. तिथं गेल्यावर माणूस विसरतो.”

“लाजत नाही का तुम्ही?”

“लाजतोय.”

ती हसली, मग रडली, आणि मग जाताना एवढंच म्हणाली, “टेप सैल झाली असेल हो तुमची.”

“असेल,” तो म्हणाला. “तरी विचार.”

त्या संध्याकाळी त्यानं दोनदा फोन उचलून ठेवून दिला. गोळी घेतलीस का, एवढंच विचारायचं होतं. मग तिचाच आला. “घेतली,” ती म्हणाली आणि तिनं ठेवून दिला.

सोमवारी दुपारी ती गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली आणि तिनं दुकानात फोन केला. इस्त्रीवाल्यानं उचलला, बहिऱ्या कानाला लावला, तीन वेळा “कोण?” म्हणाला आणि मग मास्तरकडे दिला. बाई ओरडल्या नव्हत्या. बरं झालं विचारलंत, म्हणाल्या. गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या, आधी रक्त तपासायचं आणि हाडांची घनता मोजायची, मग औषध बदलायचं का ते बघू. रोज चालायला मात्र आजपासूनच लागा. “आडवं पडायचं म्हणे टेबलावर,” रिळू सांगत होती, “आणि एक दांडा वरून फिरतो. दहा मिनिटं.”

“दुखतं का?”

“नाही हो. तुमच्या फिटिंगपेक्षा बरं. टाचण्या नाहीत.”

“मी येतो बरोबर.”

“दुकान?”

“दुकान कुठं पळतंय?”

फोन ठेवल्यावर त्यानं कोट टेबलावर घेतला, ओलं फडकं टाकलं आणि वाफ देऊन चारही रेघा जातात का ते पाहिलं. पहिल्या दोन पुसट झाल्या. वरच्या दोन तशाच राहिल्या. लोकरीला एकदा मोड पडली की ती आठवण ठेवते. खडू हातात घेऊन तो उभा राहिला. मुलीच्या मापानं दुमड दोन इंचांची आली असती, सरळ हिशेब होता, पण खडू कापडाला लागेना. शेवटी त्यानं कोट उचलला, वाफेनं ओला, जड झालेला, आणि दाराजवळच्या खुंटीवर टांगला.

“मास्तर!” इस्त्रीवाला ओरडला. “ओली लोकर खुंटीवर? ओघळेल की!”

“नाही ओघळत,” मास्तर म्हणाला.

“आँ?”

“नाही ओघळत ती!”

इस्त्रीवाल्यानं खांदे उडवले. कोटाच्या कडेवरून एक थेंब फरशीवर पडला, मग जरा वेळानं दुसरा. तिला खुंटीवरून बोललो होतो, ते चुकीचं होतं, एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं, आणि ते ऐकायला जी हवी होती ती नव्हती. तपासणी गुरुवारी सकाळी दहाला आहे. कोटाची दुमड घालायची राहिली आहे.